निवृत्त लेवी

'सेवानिवृत्त' हा शब्द ज्यानं कुणी काढला तो सरकारी माणूस असणार. ख्रिस्ती नक्कीच नसणार. आमच्या मंडळीत 'सेवा' हा शब्द मिठासारखा प्रत्येक वाक्यात पडतो. पेटी वाजवणारा पेटीची सेवा करतो, सतरंज्या झटकणारा सतरंज्यांची, आणि ज्याला यातलं काहीच जमत नाही तो 'प्रार्थनेद्वारे' सेवा करतो. त्यातून निवृत्त होण्याची सोय नाही. मी मात्र ३४ वर्षं एका सरकारी कचेरीत 'सेवेत' होतो. माझ्या टेबलासमोर उभं राहून गेलेल्या लोकांना विचारलं असतं तर त्यांनी त्या प्रकाराला वेगळं नाव दिलं असतं. पण सेवापुस्तकात सेवा अशीच नोंद आहे, आणि नोंद आहे म्हणजे आहे.

मी निवृत्त झालो ३१ मे रोजी. महाराष्ट्रात माझ्या वयाची निम्मी माणसं ३१ मेलाच निवृत्त होतात, कारण आमच्या सगळ्यांचा जन्म १ जूनचा. म्हणजे आईच्या पोटातून कुणी केव्हाही आलेलं असो, शाळेच्या पहिल्या मास्तरांनी आम्हाला १ जूनला जन्माला घातलं. त्यामुळे ५८ वर्षं भरायच्या आधीच सरकारनं मला घरी पाठवलं, अशी माझी तक्रार आहे. पुराव्याअभावी ती मी कुठे केली नाही. पुरावा गावातच काठी टेकत हिंडत होता, हे मला नंतर कळलं.

निरोप समारंभात शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आपुलकीनं, मी ख्रिस्ती म्हणून, येशूचं चित्र असलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याचा सेकंदकाटा मिनिटातून एकदा प्रभूच्या नाकावरून जातो. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही अशा माणसाला घड्याळ का देतात, हा विचार करत मी घरी आलो. बायकोनं नारळाच्या करंज्या केल्या, शाल कपाटात टाकली आणि घड्याळ थेट माझ्या खुर्चीसमोर टांगलं.

पुढच्याच रविवारी मी चूक केली. आमच्या उपासनेत साक्ष द्यायला वेळ असतो. कुणी आजारातून उठलेला असतो, कुणाचा मुलगा पास झालेला असतो. तो उभा राहतो, देवाचे आभार मानतो आणि खाली बसतो. मी उभा राहिलो, आभार मानले आणि खाली बसलो नाही. माइक हातात होता. ३४ वर्षांत मला कुणी माइक दिला नव्हता. मी म्हणालो, "आता उर्वरित आयुष्य मी मंडळीच्या सेवेत घालवणार आहे."

लोकांनी 'आमेन' म्हटलं. आमेन हा शब्द असा आहे की तो एकदा पडला की अर्ज मागे घेता येत नाही.

घरी येताना स्कूटरवर मागून आवाज आला, "अहो, कुठल्या मंडळीच्या?"

मराठीनं आम्हा ख्रिस्ती नवऱ्यांची ही एक कायमची पंचाईत करून ठेवली आहे. चर्चमध्ये जमणारी ती मंडळी आणि घरात स्वयंपाकघरातून विचारणारी तीही मंडळी. मी म्हटलं, "चर्चच्या." मागची मंडळी गप्प राहिली. गॅसचा नंबर लावणं, दळण आणणं आणि माळ्यावरची ट्रंक उतरवणं ही ३४ वर्षांची थकबाकी त्या गप्प राहण्यात होती.

तर सेवा. पण कोणती? आमच्या गावात राहून असा प्रश्न पडणं अवघड असतं, कारण इथली उदाहरणं फार मोठी आहेत. नगरला (सरकारदरबारी आता अहिल्यानगर, आमच्या तोंडात अजून नगर) अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ साली. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक इथं निघालं १८४२ साली. कवी रेव्हरंड टिळक इथल्या रस्त्यांवरून हिंडले. लहानपणी आम्ही पाठांतर चुकलो की म्हातारी माणसं टिळकांचं नाव घेत, जणू ते कालपरवाच शेजारच्या गल्लीतून बदलून गेले असावेत.

म्हणून मी टिळकांपासूनच सुरुवात केली. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नच्या आसपास, टिळकांनी मिशनचं पगारी काम सोडलं, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. म्हणजे हा माणूस साधारण माझ्याच वयात निवृत्त झाला होता. फक्त पेन्शन मंजूर होण्याची वाट न बघता. मी हे घरी मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. आतून उत्तर आलं, "घ्या की संन्यास. जाताना दळण टाकून जा."

पंडिता रमाबाईंचं तर विचारूच नका. केडगावला (दौंडजवळच्या, आमच्या नगरच्या केडगावला नव्हे, ही चूक पाहुणे हटकून करतात) त्यांनी निराधार बायकामुलींचं एवढं मोठं घर उभं केलं, ते सांभाळून उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि ते काम हातावेगळं करून १९२२ च्या एप्रिलमध्ये डोळे मिटले. त्यांना निवृत्तीचा एक दिवसही मिळाला नाही. त्यांनी अर्जही केलेला दिसत नाही.

राहिल्या टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या मला जरा आवाक्यातल्या वाटल्या. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा त्या साठी ओलांडून गेल्या होत्या, आणि लहानपणी शाळेचं तोंडही न बघितलेल्या बाईनं ते लिहिलं. मी तर बी.कॉम. मी दोनशे पानी वही आणली आणि आठवणी लिहायला बसलो. तीन दिवसांत दोन पानं झाली. वाचून बघितली तर त्यात माझ्या सगळ्या बदल्यांच्या तारखा क्रमवार आल्या होत्या आणि एका ठिकाणी प्रवासभत्ता न मिळाल्याचा उल्लेख होता. वही आता दुधाच्या हिशेबाला आहे.

मग पवित्र शास्त्रात बघितलं. निवृत्तीचा नियम देवानं कुठे घालून दिला आहे का? आहे! गणना, अध्याय आठवा. लेव्यांनी (म्हणजे देवाच्या सेवेला नेमलेल्या वंशातल्या पुरुषांनी) पंचविसाव्या वर्षी दर्शनमंडपाच्या सेवेत रुजू व्हायचं आणि पन्नासाव्या वर्षी सेवा सोडायची. वयोमर्यादा, रुजू दिनांक, सगळं काटेकोर. मला मोशेबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. त्यापुढे आणखी एक ओळ आहे, की पन्नाशीनंतर त्यानं आपल्या भाऊबंदांना कामात मदत करावी, पण स्वतः सेवा करू नये. ती ओळ मी त्या वेळी घाईत वाचली. वाचली म्हणजे, वर देखरेख करावी असा तिचा अर्थ मी लावला. सरकारी माणसाला परिपत्रकातून आपल्या सोयीचा अर्थ काढायची सवय असते.

बाकी शास्त्रात म्हाताऱ्यांना स्वस्थता नाही. अब्राहामाला पंच्याहत्तराव्या वर्षी घर सोडून निघायला लावलं. मोशे ८० चा आणि अहरोन ८३ चा असताना फारोसमोर उभे केले. तेही मोशेनं 'मला बोलता येत नाही' असा नेमणूक रद्द करण्याचा अर्ज दिलेला असताना. कालेबानं तर कमाल केली. पंच्याऐंशीव्या वर्षी तो यहोशवाकडे गेला आणि म्हणाला, मी अजून तसाच धडधाकट आहे, मला तो डोंगराळ मुलूख द्या. स्वतःच स्वतःला तंदुरुस्तीचा दाखला देऊन डोंगराळ भागात बदली मागणारा दुसरा कर्मचारी मी तरी ऐकलेला नाही.

माझ्या मनासारखा माणूस एकच भेटला. बर्जिल्लय. वय ८०. दावीद राजा त्याला म्हणाला, माझ्याबरोबर यरुशलेमेला चल, तुला सांभाळतो. म्हातारा म्हणाला, नको महाराज. मला खाल्लेल्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचं गाणं ऐकू येत नाही, मी कशाला उगाच ओझं? त्यापेक्षा या किम्हामाला घेऊन जा. म्हणजे स्वतः अंग काढून घेतलं आणि घरच्या माणसाची वर्णी लावून दिली. याला म्हणतात अनुभव.

बायकोला यातला कुणीच आवडला नाही. तिला जखऱ्या आवडतो. वेदीपाशी देवदूतावर विश्वास ठेवला नाही म्हणून तो मुका झाला आणि मूल जन्माला येऊन त्याचं नाव ठेवीपर्यंत मुकाच राहिला. "अलीशिबेला म्हातारपणी मूल झालं हा एक चमत्कार," ती म्हणते, "आणि नवरा निवृत्तीच्या वयात एवढे महिने गप्प बसला हा दुसरा. लोक फक्त पहिलाच सांगतात."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी चर्चच्या कचेरीत रुजू झालो. आमचे पाळकसाहेब माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी "या काका" म्हणून मला त्यांचीच खुर्ची दिली, ही त्यांची पहिली आणि शेवटची चूक. मी कपाट उघडलं. बाप्तिस्म्याची रजिस्टरं, लग्नाची रजिस्टरं, त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची आमची माणसं शाईत निवांत झोपलेली. मी सगळ्यांना क्रमांक दिले. आवक-जावक नोंदवही सुरू केली. पहिली आवक म्हणून पेटीच्या भात्याला भोक पडल्याची तक्रार नोंदवली. जावक अजून रिकामी आहे.

पण माझं मुख्य काम म्हणजे प्रार्थना-विनंत्यांना शिस्त लावणं. आत्तापर्यंत लोक वाटेल तसं करत. कुणी पाळकसाहेबांना रस्त्यात गाठून सांगे, कुणी अर्पणाच्या थैलीत चिठ्ठी टाके, कुणी उपासना चालू असताना नुसतं डोळ्यांनी खुणावे. मी छापील नमुना काढला. 'प्रार्थना-विनंती अर्ज'. दोन प्रतींत. नाव, नाते, विषय, निकड (साधी / तातडीची), आणि रकाना सात: 'यापूर्वी याच कारणासाठी प्रार्थना झाली असल्यास तिचा दिनांक व निष्पत्ती.' पाळकसाहेबांनी तो हातात धरून बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं, भारावले.

मी कचेरीत होतो तोवर एकूण तीन अर्ज आले. एक माझ्या बायकोचा होता. विषय, 'नवऱ्याला काम मिळावे'. दुसरा कोरा होता, त्यावर कुणीतरी वाणसामानाची यादी केली होती. तिसरा एका सासूबाईंचा, सुनेच्या स्वभावासाठी. त्यांनी रकाना सात मात्र भरला होता. 'सहा वर्षांपासून चालू. सून तशीच आहे. मला राग येईनासा झाला.' हा अर्ज मंजूर म्हणून फाइल करायचा की प्रलंबित म्हणून, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

हे माझंच एकट्याचं दुखणं होतं असं समजू नका. कुठल्याही मंडळीत जाऊन बघा, निवृत्त माणूस प्रभूला आपले हात द्यायला येत नाही. आपलं पद घेऊन येतो आणि प्रभूनं ते चालू ठेवावं अशी त्याची विनंती असते. आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते डोळे मिटून प्रार्थना ऐकतात, पण कुणी 'देवानी' म्हटलं की 'देवानं' असं पुटपुटतात. एक निवृत्त हवालदार आहेत. नाताळच्या उपासनेला त्यांनी दुचाक्या अशा लावून दिल्या की पाळकसाहेबांचीच गाडी संध्याकाळपर्यंत निघाली नाही. निवृत्त कॅशियर अर्पण मोजतात आणि फाटकी नोट आली की उभ्या मंडळीकडे अशा नजरेनं बघतात की पुढल्या रविवारी पाचजण गैरहजर.

एकटा एस.टी.चा निवृत्त कंडक्टर मात्र बरोबर जागी बसला. जगातल्या सगळ्या चर्चमध्ये पुढचे बाक रिकामे असतात. स्वर्गात जागा हवी असते, पण पुढची नको असते. कंडक्टरसाहेब पहिल्याच रविवारी मधल्या वाटेनं चालत गेले आणि सवयीनं म्हणाले, "चला, पुढं सरका, पुढं सगळी मोकळीच आहे!" आणि अख्खी मंडळी उठून पुढे सरकली. मिशनरींना जे जमलं नाही ते झालं. पाळकसाहेबांचे डोळे पाणावले. थैली फिरवतानाही ते कुणाला वगळत नाहीत. पाचशेची नोट बघून एकदा त्यांच्या तोंडून "सुट्टे द्या" निघून गेलं, एवढाच काय तो डाग.

ऑगस्टमध्ये पाळकसाहेबांनी मला अतिशय नम्रपणे कचेरीतून बाहेर काढलं. "काका, तुमच्यासारखा माणूस आजाऱ्यांच्या भेटीला हवा," ते म्हणाले. मी चार संत्री आणि बायबल घेऊन दवाखान्यात गेलो. आमच्या मंडळीतले एक गृहस्थ पुरुष वॉर्डात होते. पलंग क्रमांक अकरा. अकरावर एकजण तोंडावर हात घेऊन पडलेला. मी खुर्ची ओढली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. आजार, डॉक्टर, औषधं, परिचारिका, घरचे, गावचे, पाऊसपाणी. पंधरा मिनिटं तरी झाली असतील. आमेन म्हटल्यावर त्यानं हात बाजूला केला. चेहरा अनोळखी.

"काका," तो म्हणाला, "मी जावई आहे. सासरे एक्स-रेला गेलेत."

मी शरमलो. तो चांगला माणूस होता. उठून बसला, संत्रं सोलायला घेतलं आणि म्हणाला, "पण माझीबी कंबर दुखतीच. वाया नाही गेली."

पुढे ऑक्टोबरात कापणीचा सण आला, आणि माझ्या सेवेला लागलं ते वळण एका डांगरामुळे लागलं. या सणाला लोक शेतातलं, परसातलं आणून वेदीपुढे मांडतात. बाजरीची कणसं, वांगी, कोंबड्या, अंडी, घरचे पापड. उपासनेनंतर अंगणात लिलाव. लिलाव अर्थातच कंडक्टरसाहेब पुकारतात. नऊ किलोचं डांगर होतं. बोली सातशेवर गेली असताना मला लांबवर एक जुना मित्र दिसला आणि मी हात वर करून "जय ख्रिस्त" म्हणालो.

"अकराशे! काकांचे अकराशे! एक वार... दोन वार..."

रीत अशी आहे की घेणाऱ्यानं वस्तू तिथेच परत अर्पण करायची. ती पुन्हा लिलावाला चढते, आणि एकच कोंबडी संध्याकाळपर्यंत पाच जणांना विकली जाते. ही रीत मला माहीत नव्हती, कारण इतकी वर्षं मी लिलावाच्या आधीच घरी जात असे. डांगर घरी आलं. आठवडाभर आम्ही घारगे खाल्ले, भाजी खाल्ली, भरीत खाल्लं. नवव्या दिवशी बायकोनं डबा भरला आणि म्हणाली, "सिस्टरना देऊन या."

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून फार वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या परिचारिका. वय ८४, लूकच्या शुभवर्तमानात मंदिर न सोडणारी हन्ना म्हातारी आहे ना, त्याच आकड्याच्या जवळ. अख्खी मंडळी त्यांना सिस्टरच म्हणते. मी डबा घेऊन गेलो तेव्हा त्या कुलूप लावून निघालेल्या. हातात प्लॅस्टिकची बादली, बादलीत टॉवेल, साबण, नेलकटर आणि एक जाड कात्री.

"बरा आलास," त्या म्हणाल्या. "बादली धर."

कुठे, कशाला, काही नाही. ३४ वर्षांत मला लेखी आदेशाशिवाय कुणी काही सांगितलं नव्हतं. मी बादली धरली. तीन गल्ल्या सोडून आम्ही एका घरात गेलो. तिथे एक म्हातारे मास्तर, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. सून पाणी गरम करून तयारच. सिस्टरनी त्यांचे पाय बादलीत सोडले आणि त्या गप्प बसल्या. मी प्रार्थनेसाठी घसा खाकरला. "थांब," त्या म्हणाल्या. "आधी नखं भिजू देत."

म्हाताऱ्या माणसाच्या पायाची नखं हा विषय मी तोवर कुठल्याही प्रवचनात ऐकला नव्हता. ती लाकडासारखी होतात. माणसाला वाकता येत नाही, डोळ्यांना दिसत नाही, मुलांना सांगायची लाज वाटते. मग ती वाढत जातात, वळतात, शेजारच्या बोटात रुततात आणि शेवटी माणूस चालायचा थांबतो. घरचे म्हणतात, वय झालं. सिस्टर म्हणतात, नखं झाली. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवायची. पाण्यात आधी आपलं कोपर बुडवून बघायचं, कारण मधुमेहाच्या माणसाच्या पायाला चटका कळत नाही. नख सरळ रेषेत कापायचं, कोपऱ्यात खोल शिरायचं नाही. अशा पायाला झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. शेवटी बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. हे सगळं त्या मला सांगत होत्या आणि मला वाटलं, माहितीसाठी सांगताहेत. मग त्यांनी कात्री माझ्या हातात दिली.

"मला आता नीट दिसत नाही," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात याचं कातडं थोडक्यात वाचलं. तू कर, मी सांगते."

आमच्याकडे पवित्र गुरुवारी पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. ते बारा जण घरून पाय साबणानं घासून, कुणी कुणी पावडर लावून येतात. दोन वर्षं मीही त्या बारांत होतो. त्या पायांचा आणि या पायांचा काही संबंध नव्हता. मी वाकलो. माझी कंबर बोलली. मास्तर छताकडे बघत होते आणि संकोचानं त्यांचं अंगठ्याजवळचं बोट सारखं आखडत होतं. पहिलं नख उडालं ते माझ्या चष्म्यावर आपटलं. सिस्टर हसल्या, मास्तर हसले, मग मीही हसलो. दहा नखांना पाऊण तास लागला. कुणी माझ्यासाठी आमेन म्हटलं नाही. मास्तरांनी पाय जमिनीवर टेकवून बघितला आणि सुनेला म्हणाले, "याला चहा दे."

परतताना सिस्टर म्हणाल्या, "तुझा हात बरा आहे. तुझ्या आईला सांगितलं होतं मी, पोरगं मंद आहे पण हाताचं बरं निघेल."

"तुम्ही कधी सांगितलंत?"

"तू झालास तेव्हा ड्युटीवर मीच होते की! पोळ्याचा दिवस. रडेनास. उलटा धरून धपाटा घातला तेव्हा रडलास. तुझी गाडी तशीच आहे अजून, धपाटा घातल्याबिगर सुरू होत नाही."

पोळा! म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. म्हणजे सरकारनं मला तीन महिने लवकर काढलं होतं, आणि साक्षीदार समोर उभा होता. घरी आल्यावर मी तीन महिन्यांच्या पगाराचा आणि महागाई भत्त्याचा हिशेब दुधाच्या वहीत मांडला. बायकोनं तो खोडून खाली लिहिलं, 'मंगळवार: सिस्टरबरोबर. बादली आपली न्या, त्यांची फुटकी आहे.'

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार ठरलेले. सध्या आमच्याकडे सतरा पाय आहेत. सतरा, कारण एका काकांचा एक पाय मधुमेहात गेला, आणि उरलेल्या एकाची ते अशी काळजी घेतात की आम्हाला कात्री लावू देताना डोळे वटारून बसतात. मी सुरुवातीला प्रत्येक पायाची नोंद ठेवायला वही काढली होती. सिस्टरनी तिच्यावर ओला टॉवेल ठेवला. नमुना अर्जांचा गठ्ठा मात्र उपयोगी पडला. कापलेली नखं गोळा करायला कागद लागतो, आणि अर्जाचा कागद चांगला जाड होता.

पाळकसाहेबांनी एकदा वेदीवरून माझ्या कामाचं कौतुक केलं. पाठीमागून मुख्याध्यापक 'सेवेचं' असं दुरुस्त करताना ऐकू आले. गणनाच्या आठव्या अध्यायातली ती पुढची ओळही मी अलीकडे पुन्हा वाचली. तिच्यात देखरेखीबद्दल खरोखरच काही नाही. बरीच शोधली.

आता यंदाचा नोव्हेंबर. नोव्हेंबर हा पेन्शनरांचा उपास-प्रार्थनेचा महिना. त्या महिन्यात आपण जिवंत आहोत हे सरकारला सिद्ध करून द्यावं लागतं. हयातीचा दाखला. बँकेत जाऊन यादीवर सही करायची, नाहीतर डिसेंबरापासून आपण सरकारच्या मते थोडे थोडे मेलेलो. सिस्टरना बँकेचा जिना चढवेना. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रावर त्यांनी दहाही बोटं ठेवून बघितली. एकही उमटेना. साठ वर्षं साबण, स्पिरिट आणि गरम पाणी यांत गेलेले हात. रेषा झिजून सपाट. यंत्रवाला पोरगा म्हणाला, "आजी, तुमचं बोटच नाहीये." सिस्टरनी त्याला बोट कुठे आहे ते दाखवलं.

मग मी म्हटलं, चेहऱ्यावरून होतं आता, मोबाइलवर. माझ्या मुलानं ते फोनवर बसवून दिलं होतं. त्यांच्या अंगणात खुर्ची टाकली, उजेड बघितला, फोन समोर धरला. पडद्यावर गोल आला, गोलात सिस्टरचा चेहरा आला, आणि खाली सूचना आली.

"काय म्हणतंय?" सिस्टरनी विचारलं.

"डोळे मिटा म्हणतंय," मी म्हणालो. मला पुढचं 'आणि उघडा' म्हणायचं होतं.

पण सिस्टरना कुणी डोळे मिटा म्हटलं की पुढे काय करायचं हे कुणी सांगावं लागत नाही. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि प्रार्थना सुरू केली. मास्तरांसाठी केली, त्यांच्या सुनेसाठी केली, एका पायाच्या काकांसाठी केली. पाळकसाहेबांसाठी केली. त्या यंत्रवाल्या पोरासाठीही केली. त्याला नोकरीत कायम कर म्हणाल्या. फोन थरथरला. 'वेळ संपली. पुन्हा प्रयत्न करा.' मी पुन्हा दाबलं. त्या आता माझ्यावर आल्या होत्या. माझ्या कंबरेसाठी, माझ्या बायकोसाठी, तिच्या सहनशक्तीसाठी थोडं जास्त वेळ. 'पुन्हा प्रयत्न करा.' मी पुन्हा दाबलं. मध्येच थांबवायचं कसं? मी गोलाकडे बघत उभा राहिलो. उन्हात त्यांच्या पापण्या जरा हलत होत्या, पण सरकारला पुरेल इतक्या नाहीत.

चौथ्या खेपेला त्या आमेन म्हणाल्या, डोळे उघडले, आणि ऊन लागल्यामुळे दोनदा मिचकावले. फोन 'टिंग' वाजला.

"झालं?"

"झालं. तुम्ही जिवंत आहात."

"मग उठ," सिस्टर म्हणाल्या. "आज मंगळवार. पाणी गार होईल मास्तरांकडचं. आणि ती बॅटरी घे बरोबर, त्या खोलीत दुपारीसुद्धा काही दिसत नाही."